विश्लेषण : बेडकाचे हाड, उंदराचा दात... कोट्यवधी वर्षांपूर्वीचे पर्यावरण कसे उलगडते?

नागपूरचे गिट्टीखदान आज एक गजबजलेला भाग म्हणून ओळखले जाते. नावातच तिथल्या जुन्या दगडखाणीची आठवण आहे. या खाणीतील गाळाच्या थरात मासे, बेडूक, सरडे आणि सापांचे अतिशय लहान अवशेष सापडले होते. भारतीय आणि फ्रेंच संशोधकांनी १९८४ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. महाराष्ट्र, तेलंगणा, मध्य प्रदेश आणि गुजरातमधील अशा अनेक ठिकाणांहून मिळालेल्या काही मिलिमीटरच्या अवशेषांवर आज एक मोठा प्रश्न अवलंबून आहे. दख्खनचे पठार ज्या लाव्ह्याने घडवले, तो लाव्हा वाहत असताना येथे जीवसृष्टी कशी होती, तलाव होते का, झाडे होती का, समुद्र किती दूर होता? एवढ्या लहान हाडांतून हे कसे कळते आणि त्यावर कितपत विश्वास ठेवता येतो, याचा आढावा.

सूक्ष्म पृष्ठवंशीय जीवाश्म म्हणजे काय?

पाठीचा कणा असलेल्या लहान प्राण्यांचे अवशेष म्हणजे सूक्ष्म पृष्ठवंशीय जीवाश्म. उंदीर, चिचुंद्री, वटवाघूळ, बेडूक, सरडे, साप, छोटे मासे आणि पक्षी यांची हाडे, दात, खवले, जबड्याचे तुकडे, अंड्यांच्या कवचाचे कण हे सारे त्यात येते. मगरीसारख्या मोठ्या प्राण्याचा सुटा दात किंवा डायनोसॉरच्या अंड्याच्या कवचाचा तुकडाही याच चाळणीत सापडतो, त्यामुळे त्याचा अभ्यासही सोबतच होतो.

यातील बहुतेक अवशेष काही मिलिमीटर आकाराचे असतात. चिचुंद्रीएवढ्या प्राण्याची दाढ जेमतेम एक ते दोन मिलिमीटर भरते. ती उघड्या डोळ्यांना वाळूच्या कणासारखी दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तिच्यावरील उंचवटे, खाचा आणि झिजेच्या खुणा स्पष्ट होतात. सस्तन प्राण्यांच्या प्रत्येक कुळात दाढांची ठेवण वेगळी असते. त्यामुळे केवळ एका दाढेवरूनही प्राण्याचा गट, अनेकदा प्रजातीही ओळखता येते. दातावरील इनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण भाग असल्याने हाडे नष्ट झाली तरी दात टिकतात.

मोठ्या प्राण्यांपेक्षा लहान प्राणी जास्त उपयोगी का?

हत्ती किंवा मोठा हरणवर्गीय प्राणी पाण्याच्या शोधात शेकडो किलोमीटर भटकू शकतो. त्याचे हाड एखाद्या ठिकाणी सापडले तर तो तिथेच राहत होता की वाटेत मेला, हे सांगणे कठीण असते. शेतातला उंदीर मात्र बहुधा त्याच्या बिळाच्या आसपासच आयुष्य काढतो. त्याचा वावर काही मीटर ते काहीशे मीटर इतकाच असतो. म्हणून त्याचे अवशेष त्या विशिष्ट जागेची माहिती देतात.

दुसरे कारण संवेदनशीलतेचे. बेडकाची त्वचा ओलावा टिकवू शकत नाही आणि त्याची अंडी पाण्यात किंवा दमट जागीच वाढतात. सरडे-साप शरीराचे तापमान स्वतः राखू शकत नाहीत, बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असतात. पाऊस घटला, जंगल विरळ झाले, थंडी वाढली की असे प्राणी आधी कमी होतात किंवा त्यांची जागा दुसऱ्या प्रजाती घेतात. एका अर्थाने हे प्राणी म्हणजे त्या जागेवर बसवलेले सेन्सरच.

तिसरे कारण संख्येचे. डायनोसॉरचा एक सांगाडा मिळण्यासाठी वर्षे जातात, तर काही टन माती चाळल्यावर लहान प्राण्यांचे शेकडो दात मिळू शकतात. नमुने जास्त असतील तर कोणत्या प्रजातींचे प्रमाण किती होते आणि एका थरातून वरच्या थरात जाताना ते कसे बदलले, हे मोजता येते. केवळ ‘सापडला’ किंवा ‘सापडला नाही’ यापेक्षा ही माहिती कितीतरी भक्कम असते.

हे अवशेष शोधतात कसे?

जमिनीवर नजर ठेवून चालत राहिल्यास मोठी हाडे दिसतात, सूक्ष्म अवशेष दिसत नाहीत. त्यासाठी माती पाण्याखाली चाळावी लागते. अमेरिकेतील जीवाश्मतज्ज्ञ क्लॉड हिबर्ड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही पद्धत रुळवली आणि १९४९ मध्ये तिच्याविषयी सविस्तर लिहिले.

पद्धत ऐकायला सोपी आहे. योग्य थरातील माती पोत्यांत भरून आणतात, उन्हात पूर्ण वाळवतात आणि मग पाण्यात भिजत घालतात. वाळलेली चिकणमाती पाणी शोषताच फुटून विरघळते. माती हट्टी असेल तर भिजवण्यापूर्वी रॉकेल किंवा पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे रसायन वापरतात. त्यानंतर एकाखाली एक ठेवलेल्या बारीक होत जाणाऱ्या चाळण्यांतून ती धुतात. सर्वांत खालच्या चाळणीची छिद्रे साधारण अर्धा मिलिमीटर असतात. चाळणीवर उरलेला गाळ पुन्हा वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पसरवतात आणि ओल्या ब्रशच्या टोकाने एक एक कण उचलून वेगळा करतात. शेवटी निवडक नमुन्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने छायाचित्रे घेतात.

हे काम वेळखाऊ आहे. एक पोते मातीतून काहीच न मिळण्याची शक्यताही असते. शिवाय थर गारगोटीसारखा कठीण असेल तर तो पाण्यात विरघळत नाही. दख्खनमधील गाळाच्या काही थरांबाबत ही अडचण कायम येते.

दातावरून पर्यावरण कसे कळते?

त्यासाठी एकापेक्षा जास्त वाटा आहेत. पहिली वाट आजच्या नातेवाइकांची. जीवाश्मातील प्राण्याचे जवळचे वंशज आज कुठे राहतात, हे पाहून जुन्या पर्यावरणाचा अंदाज बांधतात. एकाच थरात पाच-सहा प्रजाती असतील तर त्या सर्वांच्या आजच्या वास्तव्याचे नकाशे एकमेकांवर ठेवतात. ज्या भागात सर्व नकाशे एकत्र येतात, तिथले तापमान आणि पाऊस त्या थराला लागू पडण्याची शक्यता जास्त. उत्तर स्पेनमधील अतापुएर्का येथे बेडूक, सरडे आणि सापांच्या हाडांवर ही पद्धत वापरण्यात आली. तिथे प्राचीन मानव वावरत असताना काही काळ हवामान आजच्यापेक्षा किंचित उबदार आणि अधिक पावसाचे होते, असा निष्कर्ष निघाला.

दुसरी वाट शरीररचनेची. गवतात सिलिकाचे कण असतात आणि त्याला धूळही चिकटलेली असते, त्यामुळे गवत खाणाऱ्याचे दात लवकर झिजतात. अशा प्राण्यांच्या दाढा उंच होत जातात. मऊ पाने, फळे किंवा किडे खाणाऱ्यांच्या दाढा तुलनेने बुटक्या राहतात. पायाच्या हाडांवरून प्राणी बिळे खणणारा, पळणारा की झाडावर चढणारा हे कळते. झाडावर चढणारे प्राणी जास्त असतील तर जवळपास झाडी असणारच.

तिसरी वाट रसायनशास्त्राची. झाडे, झुडपे आणि थंड प्रदेशातील गवते एका प्रकारे प्रकाशसंश्लेषण करतात, तर ज्वारी, मका, ऊस यांच्यासारखी उष्ण प्रदेशातील गवते दुसऱ्या प्रकारे. दोन्हींत कार्बनच्या जड आणि हलक्या समस्थानिकांचे प्रमाण वेगळे असते. जे खाल्ले, त्याचा ठसा दाताच्या इनॅमलमध्ये उतरतो. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक थरांत सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी उष्ण प्रदेशातील गवताळ वनस्पतींचा मोठा प्रसार झाल्याचे याच प्रकारच्या रासायनिक पुराव्यांवरून समजले. आज पाकिस्तानात असलेल्या पोटवार पठारावरील उंदीरवर्गीयांच्या दातांचा असा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच परिसरातील दोन वंशशाखांचा आहार वेगवेगळा होत गेला आणि त्यांच्या दाढांची घडणही त्यानुसार बदलली, हे त्यातून दिसले.

घुबडाचा या सगळ्याशी काय संबंध?

गुहांमध्ये लहान प्राण्यांची हाडे ढिगाने सापडतात. ती तिथे आली कशी, याचे उत्तर बहुतेक वेळा घुबड हे असते. गव्हाणी घुबड उंदीर गिळते, मांस पचवते आणि केस-हाडांची गोळी तोंडावाटे बाहेर टाकते. वर्षानुवर्षे एकाच कपारीत बसणाऱ्या घुबडाखाली अशा गोळ्यांचा थर साचतो.

म्हणजे घुबडाने संशोधकांसाठी आजूबाजूच्या परिसरातील नमुने गोळा करून ठेवलेले असतात. पण घुबड निवड करते. ते रात्री शिकार करते, ठरावीक आकाराचे भक्ष्य पसंत करते आणि मोकळ्या जागी शिकार करणे त्याला सोपे जाते. त्यामुळे हाडांच्या ढिगात मोकळ्या रानातील उंदीर जास्त दिसले, तर सगळा परिसर माळरानच होता असे लगेच म्हणता येत नाही.

ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ पीटर अँड्र्यूज यांनी १९९० मध्ये या विषयावर पुस्तकच लिहिले. घुबडे, ससाणे आणि मांसाहारी सस्तन प्राणी यांच्या पोटातील आम्लाचा हाडांवर वेगवेगळा परिणाम होतो, हे त्यांनी दाखवले. गव्हाणी घुबडाच्या गोळीतील हाडे जवळपास शाबूत असतात, तर कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या विष्ठेतील हाडे आणि दात बरेच झिजलेले असतात. आता गुहेतील हाडांचा अभ्यास करताना शिकारी कोण होता, हे आधी ठरवतात. मगच आकडेवारीचा अर्थ लावतात.

लाव्ह्याच्या प्रदेशात जीवाश्म टिकले कसे?

दख्खनचे बेसॉल्ट खडक आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरले आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत राहिला. डायनोसॉरचा अंतही याच सुमारास झाला. त्यामुळे मेक्सिकोतील चिक्षुलूब येथे आदळलेली अशनी आणि दख्खनचा ज्वालामुखी यांपैकी कोणाचा वाटा किती, हा वाद अनेक दशके सुरू आहे.

लाव्हा सलग वाहत नव्हता. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ शांतता असे. या काळात थंड झालेल्या खडकावर माती तयार होई, खोलगट जागी पाणी साचे, वनस्पती उगवत आणि प्राणी येत. पुढचा लाव्हा आला की हा तलाव गाळासह झाकला जाई. बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये दबलेल्या या गाळाला भूशास्त्रात आंतर-ट्रॅपी थर म्हणतात. त्यांची जाडी अनेकदा काही मीटरच असते. घाटातून जाताना कड्यांत दिसणारे लाल पट्टे मात्र वेगळे. ते बहुतांशी लाव्ह्याखाली भाजलेल्या मातीचे असतात आणि त्यांत जीवाश्म सहसा मिळत नाहीत.

महाराष्ट्रात या थरांचा अभ्यास दीडशे वर्षांहून जुना आहे. नागपुरात राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी १८५०च्या दशकात टाकळी परिसरातून फळे, बिया, कीटक आणि गोगलगायींचे जीवाश्म जमवले. मुंबईत वरळीच्या थरांत त्याआधीच लहान बेडकांचे सांगाडे मिळाले होते. ‘डायनोसॉर’ हा शब्द देणारे इंग्लंडचे रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. हा बेडूक आज ‘इंडोबॅट्राकस पुसिलस’ नावाने ओळखला जातो. नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘इवलासा’ असा आहे.

वरळीच्या बेडकांची हाडे जागच्या जागी जोडलेली मिळाली. वाहत्या पाण्यात मेलेल्या प्राण्याचा सांगाडा विखुरतो. त्यामुळे हे बेडूक उथळ, संथ पाण्यात किंवा त्याच्या काठी राहत आणि तिथेच गाळात गाडले गेले, असे मानले जाते. मुंबईतील हे थर दख्खनच्या मुख्य उद्रेकांनंतरच्या टप्प्यातील समजले जातात. जोगेश्वरीजवळच्या अंबोली खाणीतून आलेल्या कासवाच्या जीवाश्मावरून २००३ मध्ये ‘सांकुकेमिस सेठनाई’ ही नवी प्रजाती नोंदवली गेली. मुंबईतील भूशास्त्राचे प्राध्यापक सेठना यांच्या सन्मानार्थ तिला हे नाव देण्यात आले.

नस्कलमध्ये काय सापडले?

हैदराबादच्या पश्चिमेला, तेलंगणातील नस्कल गावाजवळच्या थराने या संशोधनाला वेगळे वळण दिले. गुंटुपल्ली व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी तेथील माती चाळून मिळालेल्या दातांवरून १९८८ मध्ये भारतातील क्रिटेशस काळातील पहिल्या सस्तन प्राण्याची नोंद ‘नेचर’ या नियतकालिकात केली. त्याचे नाव ‘डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी’. पहिल्या शब्दात दख्खन आहे, तर दुसऱ्यात नागपूरच्या हिस्लॉप यांचे स्मरण.

हा प्राणी चिचुंद्रीएवढा आणि बहुधा किडे खाणारा होता. पुढे त्याची घोट्याची हाडे मिळाली. त्या हाडांची ठेवण पाऊल वळवून खोड पकडता येईल अशी होती. त्यामुळे तो झाडांवर वावरत असावा, असा निष्कर्ष १९९४ मध्ये मांडण्यात आला. काही मिलिमीटरच्या या हाडांवरून लाव्ह्याच्या प्रदेशातील तलावाकाठी झाडी होती, हे समजले.

त्याच थरात मासे, बेडूक, सरडे, साप, कासवे आणि मगरींचे अवशेष मिळाले. बेडूक आणि गोड्या पाण्यातील मासे तलाव दाखवतात. मगरी असल्याने हिवाळा कडक नसावा, कारण गोठवणाऱ्या थंडीत त्या तग धरत नाहीत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने नस्कलच्या थराचे वय सुमारे ६ कोटी ६१ लाख वर्षे, म्हणजे डायनोसॉरच्या अंताच्या थोडे आधीचे ठरवले. याचा अर्थ आजच्या बहुसंख्य सस्तन प्राण्यांच्या गटाचे जुने नातेवाईक त्या महासंहाराआधी भारतात राहत होते.

समुद्राचे मासे पठारावर कसे?

सूक्ष्म अवशेषांनी उभा केलेला हा सर्वांत चकित करणारा प्रश्न. तेलंगणातील आसिफाबादसारख्या ठिकाणी आंतर-ट्रॅपी थरांत ‘इग्डाबॅटिस’ या माशाचे चपटे दात सापडले. हा पाकट माशांच्या गटातील आहे आणि असे मासे प्रामुख्याने समुद्रात किंवा खाडीच्या पाण्यात राहतात. आज ही ठिकाणे किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहेत.

सुरुवातीला हे मासे नदीतून आत आले असावेत, असा अंदाज होता. पण २००९ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथे पाण्यात तरंगणाऱ्या सागरी एकपेशीय जीवांची सूक्ष्म कवचे सापडल्याची नोंद झाली. ती डायनोसॉरच्या अंतानंतर लगेचच्या काळातील होती. नर्मदा किंवा गोदावरीच्या खोऱ्यातून समुद्राचा एक फाटा काही काळ मध्य भारतापर्यंत आला असावा, असे काही संशोधकांचे म्हणणे आहे. तो किती आत आला आणि किती काळ टिकला, यावर मतभेद आहेत. दोन वेगळ्या प्रकारच्या जीवांचा पुरावा एकाच दिशेने बोट दाखवतो, हे मात्र महत्त्वाचे.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावी अशाच प्रकारे पुरावे एकत्र आले. तेथील जीवाश्म झालेल्या विष्ठेत गवताच्या सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले. २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या या शोधाने गवताचा इतिहास डायनोसॉरच्या काळापर्यंत मागे नेला. याच परिसरातून साप आणि कासवांचेही जीवाश्म मिळाले आहेत. प्राणी, वनस्पती आणि मातीचे पुरावे एकमेकांशी ताडून पाहिल्यावरच त्या काळातील पिसदुऱ्याचे चित्र बनते.

इतर कुठे या पद्धतीने मोठा उलगडा केला?

इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावरील लियांग बुआ गुहा बुटक्या मानवासाठी, ‘होमो फ्लोरेसिएन्सिस’साठी प्रसिद्ध आहे. तिथे सर्वाधिक हाडे उंदरांची आहेत. या बेटावर लहान ते अतिशय मोठ्या अशा वेगवेगळ्या आकारांचे उंदीर होते आणि प्रत्येकाचा अधिवास वेगळा होता. हाडांची मापे घेऊन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की सुमारे ६० हजार वर्षांपूर्वी मोकळ्या रानात राहणाऱ्या मध्यम आकाराच्या उंदरांचे प्रमाण घटले आणि दाट झाडीतील उंदीर वाढले. बुटक्या मानवाची हाडे, बुटके हत्तीवर्गीय प्राणी आणि गिधाडे या गुहेतून दिसेनाशी होण्याचा काळही हाच. मोकळे रान कमी झाल्याने हे सारे बेटावर दुसरीकडे सरकले असावेत, अशी शक्यता त्यातून पुढे आली.

गुजरातमध्ये सुरत जिल्ह्यातील वस्तान लिग्नाइट खाणीत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीची वटवाघळे, आदिम वानरवर्गीय, पक्षी आणि बेडूक यांचे अवशेष मिळाले. त्यांच्यासोबत शार्क आणि पाकट माशांचे दातही होते. त्यावरून किनाऱ्याजवळचे दमट, घनदाट जंगल आणि लगतची खाडी, असे चित्र उभे राहिले. आंध्र प्रदेशातील कर्नूलच्या गुहांत १८८४च्या सुमारास रॉबर्ट ब्रूस फूट यांनी उत्खनन केले. तेथील बिल्लासुर्गम गुहेचा नव्याने अभ्यास झाल्यावर जगाच्या इतर भागांत अनेक सस्तन प्राणी नामशेष होत असताना भारतीय उपखंडातील बहुतेक सस्तन प्राणी टिकून राहिले, असे २०१४ मध्ये मांडण्यात आले.

या पद्धतीच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा काळाची. तलावातील गाळाचा एक हातभर थर साचायला शेकडो किंवा हजारो वर्षे लागू शकतात. त्यात ओल्या आणि कोरड्या वर्षांतील प्राणी एकत्र मिसळतात. अशा थरातून मिळते ते सरासरी चित्र. एखाद्या दुष्काळाचे वर्ष त्यात वेगळे दिसत नाही.

दुसरी मर्यादा स्थलांतराची. नदी लांबचे दात वाहून आणते, तर पूर जुन्या थरातील हाडे उकरून नव्या गाळात टाकतो. गोलसर घासलेला, वेगळ्या रंगाचा दात दिसला की संशोधक सावध होतात. तिसरी मर्यादा गृहीतकाची. आजचा बेडूक ओलाव्यात राहतो म्हणून त्याचा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा नातेवाईकही तसाच राहत असेल, हे काही हजार वर्षांसाठी बरेचसे खरे, पण दख्खनच्या काळासाठी जपून मांडावे लागते. म्हणूनच जुन्या थरांसाठी आजच्या नातेवाइकांपेक्षा शरीररचना आणि रासायनिक पुराव्यांवर अधिक भर देतात.

चौथी अडचण, न सापडण्याचा अर्थ. चाळणीची छिद्रे मोठी असतील तर सर्वांत लहान प्राणी निसटून जातात आणि ते तिथे नव्हतेच, असा चुकीचा समज होऊ शकतो. दोन ठिकाणांची तुलना करताना किती माती चाळली आणि कोणत्या चाळणीने, हे पाहणे त्यामुळेच आवश्यक ठरते.

आज याचे महत्त्व काय?

दख्खनच्या उद्रेकांत प्रचंड प्रमाणात कार्बन डायऑक्साइड आणि सल्फरचे वायू वातावरणात गेले. त्या काळात बेडूक, मासे आणि लहान सस्तन प्राणी दोन उद्रेकांच्या मधल्या तलावांत परत येत राहिले, याचा पुरावा या थरांत आहे. कोणते गट परतले, कोणते आलेच नाहीत आणि परतायला किती काळ लागला, याची उत्तरे बदलत्या हवामानात जीवसृष्टी कशी सावरते हे समजण्यासाठी उपयोगी आहेत. भारत तेव्हा उत्तरेकडे सरकणारा जवळपास एकाकी भूभाग होता. आंतर-ट्रॅपी थरांतील ‘भारतथेरियम’सारख्या प्राण्याचे नाते मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेतील प्राण्यांशी जुळते. खंडांचा प्रवास तपासण्यासाठीही हे दात पुरावा ठरतात.

हा पुरावा मात्र झपाट्याने नाहीसा होत आहे. खडीसाठी बेसॉल्ट फोडताना मधला मातीचा थर टाकाऊ म्हणून बाजूला सारला जातो. वरळी आणि गिट्टीखदानसारखी ठिकाणे शहराखाली गेली. खाण खोदल्यामुळेच थर उघडा पडतो आणि खाण पुढे सरकली की तोच थर संपतो. वस्तानसारखे शोध खाणकामामुळेच शक्य झाले, पण नेमक्या वेळी संशोधक तिथे पोहोचले म्हणून.

केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळे आणि भू-अवशेषांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा जाहीर करून मते मागवली होती. अशा कायद्याची गरज अनेक अभ्यासकांना मान्य आहे. मात्र मसुद्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या एकाच संस्थेकडे सर्वाधिकार एकवटले आहेत आणि विद्यापीठांतील स्वतंत्र संशोधनाला त्याचा अडथळा होऊ शकतो, असा आक्षेपही घेतला गेला. सूक्ष्म जीवाश्मांच्या बाबतीत हा मुद्दा अधिक नाजूक आहे. इथे नमुना म्हणजे पोतेभर माती. ती वेळेत उचलायची परवानगी मिळाली नाही, तर पुढच्या सुरुंगात थरच उरत नाही.

खाणीत किंवा विहिरीत असे काही आढळल्यास काय करावे?

काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये पांढरट, हिरवट किंवा राखाडी मातीचा पट्टा आणि त्यात शंख-शिंपले किंवा दगड झालेले लाकूड दिसले, तर तो आंतर-ट्रॅपी थर असण्याची शक्यता असते. शंख दिसतात तिथे चाळणीत लहान हाडेही मिळू शकतात. अशा वेळी नमुने उकरून घरी नेऊ नयेत, कारण थरातील नेमकी जागा हरवली की त्यांची निम्मी माहिती जाते. मोजमापासाठी शेजारी एखादी वस्तू ठेवून छायाचित्र घ्यावे, मोबाइलवरून ठिकाणाची नोंद करावी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नागपूर कार्यालय किंवा जवळच्या महाविद्यालयाचा भूशास्त्र विभाग यांना कळवावे. काम सुरू असलेली खाण असेल तर हे त्याच दिवशी करणे चांगले.